आवाज देणाऱ्याचे हात

मुकादमांच्या घरात पलंगाच्या उशाशी, भिंतीवर खडूने एक आकडा लिहिलेला असायचा. मी सांगतो त्या दिवसांत तो ५१ होता. ते वहिनींचं वजन. दर तीन महिन्यांनी मुकादम त्यांना दवाखान्यात नेऊन तोलून आणायचे आणि जुना आकडा पुसून नवा लिहायचे. वजन माहीत नसलेल्या वस्तूला हात लावायचा नाही, हा त्यांचा कामावरचा नियम होता. बायको म्हणून त्यातून सूट नव्हती.

आम्ही यंत्रं हलवणारी माणसं. कारखान्यात नवं यंत्र येतं, ट्रकवरून उतरतं, दारातून तिरकं होऊन आत शिरतं आणि पायाच्या बोल्टांवर बरोबर बसतं. ते कुणीतरी बसवलेलं असतं. आमच्या टोळीत मुकादम धरून आठ जण होते. साखळीच्या दोन कप्प्या, एक हातविंच, लोखंडी रोलर, पहारी आणि लाकडी पाचरी एवढ्यावर आम्ही चौदा टनांपर्यंत माल बसवला. मी सुरुवातीला पाचरी लावायचो म्हणून मला पाचर म्हणू लागले. पुढे वीस वर्षं विंचवर होतो, पण नाव चिकटलं ते चिकटलं. मुकादमांना टोपणनाव नव्हतं. तेवढी कुणाची छाती नव्हती.

काम चालू असताना आवाज एकट्या मुकादमांचा. 'हबेस' म्हणजे वर, 'आरिया' म्हणजे खाली, 'बस' म्हणजे आहे तिथे थांब. बाकी सात तोंडं बंद. खोकला आला तर गिळायचा. आणि आवाज देणाऱ्याने ओझ्याला हात लावायचा नाही. मुकादम दोन्ही हात पाठीमागे घ्यायचे, डाव्या मुठीत उजवं मनगट धरायचे आणि यंत्र बसेपर्यंत सोडायचे नाहीत. नव्या माणसाला वाटायचं, हा साहेबासारखा नुसता उभा राहतो. एकाने तसं तोंडावर बोलून दाखवलं. मुकादम म्हणाले, "माझा हात ओझ्याला लागला की माझं डोकं त्या हातात जातं. मग तुम्हा सात जणांकडे कोण बघणार, तुझा बाप?"

एकदा कागदाच्या गिरणीत नऊ टनांचा रूळ बसवत होतो. मी विंचवर होतो, भिंतीच्या पलीकडे. मला रूळ दिसत नव्हता, नुसता आवाज ऐकू येत होता. खालचा ठोकळा तडकला आणि रूळ दोन बोटं सरकला. नेमका तिथे आमच्यातल्या एका उंच माणसाचा हात होता. त्याला आम्ही उंट म्हणायचो. उंट ओरडला. मुकादम त्याच्यापासून हातभर अंतरावर होते. ते जागचे हलले नाहीत. "बस," म्हणाले. मग "हबेस. अजून हबेस. बस." मला पलीकडून ऐकताना वाटलं, सगळं रोजच्यासारखं चाललंय. उंटाचा हात निघाला. तीन बोटं गेली.

त्यानंतर टोळीत कुजबुज झाली, की हा माणूस आहे की दगड. उंट तर त्यांच्याशी कायमचा बोलायचा थांबला. मी एकटा त्यांच्या बाजूने होतो, कारण विंचचा दांडा माझ्या हातात होता. मुकादम हात घालायला आत घुसले असते तर आवाज बंद पडला असता, आणि मी आंधळ्यासारखा दांडा फिरवला असता. बोटांवर भागलं नसतं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर घरी गेलो होतो. वहिनी तेव्हा इस्पितळाच्या धुलाईत चादरींना इस्त्री करायच्या. दिवसाला तीनशे चादरी. बोलणं इस्त्रीसारखंच, तापलेलं आणि सरळ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हातभर अंतरावर होतात ना? मग ते हात काय भाड्याने आणलेत?" मुकादमांनी पुढचं ताट सरकवलं, एवढंच.

ही गोष्ट तीस वर्षांपूर्वीची. पुढचं कळायला ती लागेल म्हणून आधी सांगितली.

वहिनींना दोन वर्षांपूर्वी झटका आला. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, पण धार तशीच राहिली. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी. ती म्हणाली, आईला माझ्याकडे ठेवते. मुकादम म्हणाले, "ओझं जिथे आहे तिथेच नीट बसवता येतं. उगाच हलवायचं नाही." आणि कामाला लागले. पलंगाच्या पायांखाली ठोकळे घालून तो खुर्चीच्या उंचीला आणला. बसायची एक खुर्ची, भोक पाडलेली एक संडासाची खुर्ची, दोन्ही एका पातळीत. ठोकळे मी कापून दिले. एकाला दोन सुतांचा फरक पडला होता, तो त्यांनी परत पाठवला.

दिवसातून आठ वेळा उचलायचं. सकाळी पलंगावरून खुर्चीवर, तिथून दुसऱ्या खुर्चीवर, असं रात्री पुन्हा पलंगावर येईपर्यंत. उचलायला मुकादम एकटे, म्हणून आवाज वहिनी द्यायच्या. हात ज्याचे त्याचा आवाज नाही. मुकादम वाकून त्यांच्या काखांखाली हात घालायचे आणि थांबायचे. वहिनी जड जिभेने "हबेस" म्हणायच्या, मग ते उचलायचे. "आरिया" म्हटलं की खाली. मध्येच कधी त्या मुद्दाम "बस" म्हणून त्यांना अर्ध्यात उभं ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आज दाढी नाही केलीत." पण दोन वर्षांत त्यांनी वहिनींना पलंगावर शौचाचं भांडं लावलं नाही. एकदाही नाही.

मग मुकादमांचीच लघवी अडली. प्रोस्टेटची गाठ होती. डॉक्टरांनी दुर्बिणीतून खरवडून काढली. सातव्या दिवशी घरी सोडलं, नळी लावलेली. नळीचं एक टोक आत मूत्राशयात, तिथे ती निसटू नये म्हणून पाण्याने फुगवलेला लहानसा फुगा. दुसरं टोक मांडीला बांधलेल्या पिशवीत. आणखी आठ दिवसांनी नळी काढायची होती. आणि सहा आठवडे पाच किलोंच्या वर काही उचलायचं नाही.

"म्हणजे बायकोचा दहावा भाग," मुकादम म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, "म्हणजे पाण्याची अर्धी बादली. मस्करी नाही. आतली जखम ओली आहे. जोर केलात की रक्त."

मुलगी त्या दिवसांत येऊन राहिली होती. ती छापखान्यात पुस्तकबांधणीचं काम करते. रजा संपली तेव्हा तिने जाताना मला आणि मुकादमांना समोर बसवलं आणि सांगितलं, "काका, तुम्ही साक्षीला आहात. मी रविवारी येते. तोवर नळी निघाली आणि बाबा आपापलं करायला लागले, तर आई इथे राहील. उचलायला तुम्ही आहात, शेजारचे शिंपी आहेत. पण नळी राहिली तर एका घरात दोन आजारी, हे मी चालू देणार नाही. आईला घेऊन जाईन."

मुकादम म्हणाले, "शुक्रवारी निघणार नळी."

"निघाली म्हणजे नुसती निघाली नव्हे. लघवी झाली पाहिजे."

"होईल."

"ते तुमच्या हातात आहे का, बाबा?"

पोरगी आईवर गेली आहे.

नळी काढायला इस्पितळात जायचं तर सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत तिथेच बसावं लागलं असतं. वहिनींना दिवसभर कुणावर टाकायचं? तिथल्या सिस्टर म्हणाल्या, घरी काढता येईल, शिकवते. त्यांनी एका कोऱ्या नळीवर दोनदा दाखवलं. मुकादमांनी तिसऱ्यांदा आणि चौथ्यांदा स्वतः करून दाखवलं. सिस्टरनी सिरिंज दिली, मापाचा प्लास्टिकचा मग दिला आणि एक कागद. कागदावर होतं: सकाळी सहाला काढा. दर तासाला एक पेला पाणी प्या. होईल ती लघवी मापून लिहा. बारापर्यंत झाली नाही, किंवा पोट फुगलं, गाठी पडल्या, तर वाट न बघता या. खाली फोन नंबर.

शुक्रवारी पावणेसहाला मी गेलो. मुकादम दाढी करून तयार होते. बाथरूममध्ये स्टूल, खाली जुना टॉवेल, बादलीला टेकवून आरसा, कारण पोटाखालचं त्यांना दिसत नव्हतं. चष्मा पुसून ठेवलेला. हत्यारं मांडल्यासारखं सगळं ओळीत. त्यांनी कागद माझ्या हातात दिला.

"आवाज तू दे."

"मी?"

"हात माझे आहेत. मग आवाज कुणाचा? नळाचा?"

आतून वहिनी म्हणाल्या, "मी देते."

"तुला तिथून दिसत नाही. न बघता आवाज नाही."

"लग्नाला पन्नास वर्षं होत आली," वहिनी म्हणाल्या, "आता काय बघायचं राहिलंय?"

मी मुकादमांच्या हाताखाली तीस वर्षं काढली. त्यांना आवाज द्यायची वेळ कधी आली नव्हती. मी कागद वाचू लागलो. पिशवी रिकामी करा. केली. हात धुवा. धुतले. फुग्याच्या तोंडाला सिरिंज लावा, दांडा ओढू नका, पाणी आपलं आपण येऊ द्या.

पाणी आपलं आपण आलं. दांडा सावकाश मागे सरकला आणि थांबला.

"किती?" मी विचारलं.

"आठ."

कागदावर दहा मिली होतं. मुकादमांनी सिरिंज काढून पुन्हा लावली. एक थेंब आला नाही. मी म्हणालो, "आठ आलं म्हणजे आलंच की. ओढा हळूच."

त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "दहा घातलंय, आठ आलंय. दोन आत आहे. अडकलेलं ओझं थोडं अडकलंय की पूर्ण, ते ओढल्यावर कळतं. तेव्हा कळून उपयोग नसतो. फोन लाव."

फोन लावला. रात्रपाळीच्या सिस्टर होत्या. त्या म्हणाल्या, आठ दिवसांत फुग्यातून थोडं पाणी झिरपतं, आठ चालेल. अगदी हलकेच ओढून बघा. सरकली तर येऊ द्या. अडली तर हात सोडा आणि इकडे या, जोर नको.

मुकादमांनी नळी धरली आणि थांबले. मीही थांबलो. मग लक्षात आलं, ते आवाजाची वाट बघताहेत. कुठला शब्द? वरही नाही, खालीही नाही.

"आरिया," मी म्हणालो.

"सावकाश आरिया म्हण. भसकन काय सोडतोस?"

"सावकाश आरिया. श्वास सोडा. आरिया. आरिया."

नळी सरकली. मुकादमांची मान ताठ झाली, जबडा आवळला, पण हाताचा वेग बदलला नाही. वीतभर आली, अजून वीतभर, आणि टोक बाहेर पडलं. टोकाशी चुरगळलेला फुगा आणि पाठोपाठ दोन थेंब रक्त.

"बस," मी म्हणालो.

"आता बस म्हणून काय उपयोग? संपली नळी." पण ते हसत होते. त्यांनी टोक उजेडात धरून तपासलं, तुकडा आत राहिला नाही ना ते बघितलं, आणि नळी कागदात गुंडाळून ठेवली. सहा वाजून बावीस मिनिटं झाली होती. मी लिहून ठेवलं.

मग पाणी. एक पेला. मुकादम खोलीत येरझारा घालू लागले. आठ दिवस पाय फाकून चालले होते, ती सवय जात नव्हती. सात वाजून वीस मिनिटांनी ते आत गेले. दार लोटलेलं. बराच वेळ काही नाही. मग मगात धार पडल्याचा आवाज आला. बारीक, तुटक, पण धार. पलंगावर वहिनींनी डोळे मिटले.

साठ मिली. रंग फिका गुलाबी. आठला दहा कमी असताना पुन्हा गेले, नव्वद. मी कागदावर लिहिलं आणि बेरीज केली, दीडशे. बारा वाजायला चार तास होते.

"पोरीला फोन करू?" मी विचारलं.

"बारानंतर. काम संपायच्या आधी ट्रक सोडायचा नाही."

वहिनी म्हणाल्या, "यांचं झालं का? आता माझं बघा. मी पाचपासून धरून बसलेय."

तेव्हा आमच्या लक्षात आलं. रोज साडेसहाला त्यांना संडासाच्या खुर्चीवर बसवायचे. आज नळीच्या नादात राहिलं. त्या बोलल्या नाहीत, कारण मध्ये बोललं की आवाज तुटतो हे त्यांनाही माहीत होतं.

"या घरात एकाला सुटत नव्हतं आणि एकीला धरवत नाही," त्या म्हणाल्या. "आटपा."

मागचे दोन दिवस शिंपी आणि मी, दोघं मिळून त्यांना उचलत होतो. मी काखांखाली, शिंपी गुडघ्यांखाली. पण शिंप्याला त्या सकाळी मेहुणीला दवाखान्यात न्यायचं होतं. नऊला येतो म्हणाला होता. आठ वाजले होते.

मी म्हणालो, "नऊला शिंपी येईल. तोवर भांडं लावू का? मी देतो आणि बाहेर थांबतो."

वहिनी भिंतीकडे बघू लागल्या. मुकादम म्हणाले, "दोन वर्षांत लावलं नाही."

"एक दिवस लावलं तर काय होतंय?"

"तिला विचार."

वहिनींनी मान वळवली नाही. मग मीच म्हणालो, "बरं, उचलतो." मला स्वतःचं वजन माहीत आहे, गुडघ्याची हालत माहीत आहे. अडुसष्टाव्या वर्षी एकट्याने एक्कावन्न किलो वळवायचे म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको होतं. तरी म्हणालो. ही माझी चूक आणि ती मी इथे लिहून ठेवतो.

मुकादम भिंतीशी जाऊन उभे राहिले. हात पाठीमागे, डाव्या मुठीत उजवं मनगट. मी वाकलो, वहिनींच्या काखांखाली हात घातले. त्यांचा चांगला हात माझ्या मानेवर आला.

"पाय लांब ठेव," मुकादम म्हणाले. "अजून. हां. हबेस."

उचललं.

"वळ. सावकाश. वळ."

अर्ध्यात वळलो आणि उजवा गुडघा गेला. दुखला वगैरे नाही. नुसता गेला, जसा ठोकळा तडकतो. वहिनी माझ्या हातांतून उजवीकडे घसरू लागल्या, मेलेल्या बाजूला, जिकडे त्यांना सावरता येत नाही.

मुकादमांनी 'आरिया' म्हणायला हवं होतं. एवढंच. मी वहिनींना घेऊन खाली टेकलो असतो. खाली चटई होती. काही मोडलं नसतं. मी शब्दाची वाट बघत होतो. तीस वर्षं वाट बघितली होती आणि शब्द प्रत्येक वेळी आला होता.

शब्द आला नाही. हात आले. मुकादमांनी मला खांद्याने बाजूला लोटलं, वहिनींना पूर्ण वजनाने छातीशी घेतलं, वळवलं आणि खुर्चीवर बसवलं. तीन सेकंद लागले असतील. मग ते त्यांच्या काखांखालचे हात तसेच ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "बस."

कुणाला म्हणाले, माहीत नाही.

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "जा बाहेर दोघं."

सव्वानऊला मुकादम आत गेले आणि लवकर बाहेर आले. मी मापाचा मग बघितला. तीस मिली, लालभडक, आणि तळाशी काळपट गाठी. जांभळाएवढ्या दोन. शिंपी आला होता, त्याने बघितलं आणि वहिनींच्या खोलीत जाऊन बसला.

"फोन करतो," मी म्हणालो.

"दीडशे झालेत. एकशे ऐंशी धर. पाणी दे."

ते पाणी प्यायले. दहाला आत गेले, काही नाही. साडेदहाला काही नाही. भिंतीला हात लावून जोर करत होते, मला बाहेर ऐकू येत होतं. ओझं उचलताना माणूस जसा दम कोंडतो तसा. जन्मभर आम्ही अडलेली प्रत्येक गोष्ट जोर लावून काढली. इथे जोरच नको होता, पण अंगाला दुसरं काही ठाऊक नव्हतं. अकराला त्यांचं पोट बेंबीखाली टणक झालं. कपाळावर घाम. बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं.

"चला," मी म्हणालो.

"कागदावर बारा आहे."

"कागदावर गाठी पडल्या तर वाट न बघता या, असंही आहे. मी सकाळी वाचलंय."

"बारापर्यंत थांबू. एक गाठ निघाली की वाट मोकळी होईल."

"कागदाला पोट नाही, मुकादम. तुम्हाला आहे."

पलंगावरून वहिनी म्हणाल्या, "पाचर भावजी, रिक्षा बोलवा." आणि मुकादमांना म्हणाल्या, "अहो. आवाज माझा आहे. उठा."

ते उठले.

इस्पितळात पहिल्यापेक्षा जाड नळी घातली. घालताना मी बाहेर होतो. टोळीतल्या कुणी, इतक्या वर्षांत, मुकादमांचं ओरडणं ऐकलं नव्हतं. मी ऐकलं. आतून गाठी धुऊन काढायला वरून पाण्याची पिशवी लावली होती. खालची पिशवी भरत होती, लाल, मग गुलाबी, मग पुन्हा लाल. डॉक्टरांनी विचारलं, "काही उचललंत?"

"नाही," मुकादम म्हणाले. "शिंकलो."

"नुसते शिंकलात?"

"जोरात."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. ते म्हणाले, ही नळी आता तीन आठवडे राहील, मग पुन्हा बघू. तेव्हाही जमलं नाही तर कायमच्या नळीचा विचार करावा लागेल.

मुलीला फोन मी केला. ती शुक्रवारी रात्रीच आली. तिने मला बाहेर बोलावून विचारलं, "काका, तुम्ही होतात ना तिथे? काय झालं?"

"शिंकले," मी म्हणालो.

तिचा विश्वास बसला नाही, पण तिने पुन्हा विचारलं नाही.

रविवारी सकाळी मुकादमांना घरी सोडलं. नळी, मांडीला पिशवी. मुलगी आणि जावई दोघंही होते. जावई गाडी घेऊन आला होता, पण मुलीचं मन होईना. ती म्हणाली, "बाबा, मी अजून एक आठवडा थांबते. बिनपगारी. तीन आठवड्यांनी नळी निघेल, मग बघू." तिने दिलेला शब्द तीच मागे घेत होती. मुकादमांच्या तोंडावर थोडा उजेड आला.

वहिनी म्हणाल्या, "नको. मी जाते."

"अगं, ती थांबते म्हणतेय ना."

"आठवडाभर थांबेल. मग?" त्या एकेक शब्द जुळवत बोलत होत्या. "मग मी कुठेतरी घसरेन आणि तुम्ही पुन्हा धराल."

"नाही धरणार."

"धराल. मी बघितलंय. तुमचे हात आता तुमचं ऐकत नाहीत. मीच कधीतरी त्या हातांना बोलले होते. चुकलं माझं. ते तसेच बरे होते."

मुलीने माझ्याकडे बघितलं, तिला काही उलगडलं नसावं. तिचा तेव्हा जन्म झाला होता, पण ती लहान होती. मी तिला काही सांगितलं नाही.

सामान फार नव्हतं. संडासाची खुर्ची गाडीच्या टपावर बांधली. जावई आणि शिंपी उचलणार होते. माझ्या गुडघ्याला पट्टा होता, मला कुणी विचारलं नाही. जावयाने बाह्या सरसावल्या आणि वाकला. मुकादम दारातून म्हणाले, "थांब."

ते आले. पाय फाकून, पिशवी सांभाळत, गाडीच्या उघड्या दारापासून हातभर अंतरावर उभे राहिले. हात मागे घेतले, मनगट धरलं.

"वजन एक्कावन्न," ते जावयाला म्हणाले. "उजवी बाजू लोंबते, ती तुझ्याकडे घे. शिंपी गुडघ्यांखाली. मी सांगेपर्यंत कुणी हलायचं नाही. मध्ये बोलायचं नाही."

जावई हसणार होता, पण हसला नाही.

"हबेस."

उचललं.

"पुढे. डोकं सांभाळ, वर चौकट आहे. पुढे. बस. वळव. पाय आधी. हां. आरिया."

वहिनी सीटवर टेकल्या.

"सावकाश आरिया. बस."

वहिनींनी सीटचा पट्टा लावून घेतला, मुलीने पदर आत ओढून घेतला आणि दार लोटलं. वहिनींनी काचेतून बघितलं, हात हलवला नाही. चांगला हात मांडीवरच होता. गाडी निघाली, कोपऱ्यावर वळली. मुकादम मनगट धरून तसेच उभे होते. शिंपी आत निघून गेला. मी थोडा वेळ थांबलो आणि म्हणालो, "मुकादम, बस."

तेव्हा त्यांनी हात सोडले. मांडीची पिशवी भरत आली होती. मी त्यांना आत नेऊन बसवलं, पिशवी बाथरूममध्ये रिकामी केली आणि कागदावर लिहिलं. साडेचारशे.